प्लॉटिंग पडली, गाव कधी वसणार?

लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलं, रेणापूर नाका मागे पडला की रस्त्याच्या कडेने कमानी दिसू लागतात. कमानीवर कुणाचं तरी नाव आणि पुढे 'नगरी', 'पार्क' नाहीतर 'सिटी'. आत मुरमाचा रस्ता, चुन्याने आखलेले चौकोन, नंबर टाकलेले हद्दीचे दगड, तारा न ओढलेले खांब. त्या चौकोनांच्या पलीकडे लगेच सोयाबीन. पिंपळफाट्यावर चहाच्या टपरीपाशी उभं राहा, दर दोन-चार वाक्यांनंतर बोलणं 'कुठं प्लॉटिंग पडलीय', 'काय रेट चाललाय' यावर येतं. रेणापूर हे तालुक्याचं गाव, लातूरपासून वीसेक किलोमीटरवर. शहर पसरत इकडे येतंय आणि गाव पसरत शहराकडे चाललंय. येत्या वीस वर्षांत ही दोन्ही टोकं जुळतील, आणि मधल्या पट्ट्यात काय उभं राहिलेलं असेल हे आज ठरतं आहे.

हे सगळं थांबवा असं माझं म्हणणं नाही. लोकांना घरं हवीत आणि चांगली घरं मागण्याचा त्यांना हक्क आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. आपल्याकडे प्लॉट आधी पडतो, विकला जातो, त्यावर घर उठतं. आणि पाणी, गटार, सावली, शाळा, मैदान हे सगळं पुढे कधीतरी 'होईल' म्हणून सोडून दिलं जातं. खाजगी ते आधी आणि सामाईक ते मागाहून, असा हा क्रम आहे. असा क्रम लावून आजवर कुठेच नीट गाव वसलेलं नाही. हे शिकायला परदेशात जायची गरज नाही, ते आपल्याच जिल्ह्यात शिकता येतं.

आधी प्लॉट घेणाऱ्याची बाजू समजून घेऊ. तो हावरा नाही. कुणी जिल्हा परिषदेचा शिक्षक असतो, कुणी एसटीचा वाहक, कुणी दहा एकरांचे तीन वाटे झाल्यावर हाती आलेल्या जमिनीवर भागत नाही म्हणून गावाबाहेर पाय काढणारा शेतकरी. लेकरं लातूरला अकरावी-बारावीला घालायची, 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्या लावायच्या, तर लातूरच्या जवळ घर हवं. लातुरात जागेचे भाव ऐकूनच तो माघारी फिरतो आणि रेणापूरच्या बाजूला तीस बाय चाळीसचा प्लॉट बघतो. सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही, पावसाचा तर नाहीच. मग हाती आलेला पैसा सोन्यात नाहीतर प्लॉटमध्ये जातो. इसारपावती होते, वर्षभरात खरेदीखत होतं. त्याच्यासाठी हा कागद म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पायाखाली आलेली घट्ट जमीन असते. त्याच्या या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. प्रश्न असा की, त्याच्या पैशात त्याला विकलं काय गेलं?

त्यासाठी अशा लेआउटमधलं एखादं पुरं झालेलं घर जवळून बघा. दर्शनी भिंतीला चकचकीत टाइल, रंगीत पट्टे, काचेचा कठडा, स्टीलचं गेट. बाजूच्या दोन्ही भिंतींच्या विटा मात्र उघड्याच, कारण शेजारचं घर उठलं की त्या झाकल्या जातील असा हिशेब. शेजारी दहा वर्षं कुणी घर बांधत नाही. तिथे वेडी बाभूळ माजते, पावसाळ्यात पाणी साचतं. अंगणात बोअर, पाचशे-सातशे फूट खोल. सांडपाण्याची नाली घराच्या हद्दीपाशी संपते, कारण तिला पुढे नेणारं गटारच नाही. म्हणून दारात शोषखड्डा. आणि इथे खरी अडचण सुरू होते. ही जमीन खोल काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी सहजासहजी खाली सोडत नाही. शोषखड्डा दोन पावसाळ्यांत तुंबतो आणि पाणी रस्त्यावर येतं. पाया पुरेसा खोल आणि मुरमाने नीट भरलेला नसेल तर त्याच फुगण्या-आकसण्याने दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरकी चीर जाते. घरधनी ती चीर लांबी भरून बुजवतो, पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

जुन्या लोकांनी गाव वसवताना ही गोष्ट लक्षात ठेवली होती. गावठाण ते पांढरीवर आणि शेत ते काळीत, अशी मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाची मूळ मांडणी. शक्यतो उंचवट्याची, पाण्याचा निचरा होणारी जागा घरांना, आणि पीक देणारी काळी नांगराला. आज आपण नेमकं उलट करतो. रस्त्याला लागून असलेली सपाट काळी जमीन सगळ्यात आधी प्लॉटमध्ये जाते, कारण तिची मोजणी सोपी, आखणी सोपी आणि गाडी थेट दारात जाते. ज्या मातीने घर नीट पेललं जात नाही, ती पिकातूनही जाते आणि घरालाही नडते.

आता नियोजनाकडे येऊ. 'नियोजित वसाहत' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरळ रस्ते आणि सारखे चौकोन येतात. लातूरला मात्र नियोजनाचा एक वेगळा धडा शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेला आहे. निजामाच्या राजवटीत, १९१७ साली, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी गंजगोलाईचा आराखडा आखला. गोल बाजारपेठ, मधोमध देवीचं मंदिर आणि तिथून सगळीकडे फुटणारे सोळा रस्ते. आज तिथे कितीही गर्दी, कितीही अतिक्रमण असो, गावाचं मन अजून तिथेच आहे. याचं कारण त्या आखणीची सुरुवात घराच्या प्लॉटपासून झाली नव्हती. ती बाजारापासून, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक गरजेपासून झाली होती. आधी लोकांनी एकत्र यायची जागा ठरली, मग तिच्याभोवती रस्ते, दुकानं आणि माणसं आली.

दुसरा धडा फार महागात मिळालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपेत होते. सुमारे आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मणामणांच्या मातीचं माळवद; ती घरंच माणसांवर कोसळली. म्हणून जुन्या घरांच्या आठवणीने गहिवरून येण्याचा अधिकार आपल्या भागात कुणालाच नाही. त्यानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने जे केलं ते मराठवाड्यातलं आजवरचं बहुधा सगळ्यात मोठं नियोजित घरबांधणीचं काम. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली गेली. ज्याची जेवढी जमीन, त्या मानाने २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकसारख्या घरांच्या ओळी.

घरं मजबूत झाली, हे आधी कबूल केलं पाहिजे. पण गावं बसायला फार वर्षं लागली, आणि का लागली हे त्या भागात फिरणारा कुणीही सांगेल. गावाचा पसारा जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट वाढला. जेवढा रस्ता लांब, तेवढे दिवे जास्त, नळाची पाइप जास्त, दुरुस्तीचा खर्च जास्त. आणि ग्रामपंचायतीचं उत्पन्न होतं तेवढंच. घर मिळालं क्षेत्रफळाच्या गटाप्रमाणे. त्यामुळे अनेक गावांत भावकी फुटली, म्हातारी आई एका टोकाला आणि मुलगा दुसऱ्या टोकाला गेला. बैल बांधायला गोठा नाही, कडबा ठेवायला जागा नाही, दारात बसायला ओसरी नाही. लोकांनी ते सगळं नंतर स्वतःच्या हाताने जोडलं: पत्र्याचं शेड, तुळशीचं वृंदावन, कुडाची आडोशाची भिंत. आखणी करणाऱ्यांनी जे सोडून दिलं ते रहिवाशांनी तीस वर्षं खपून भरून काढलं. लॉरी बेकर यांच्या आराखड्यावर 'मलयाळ मनोरमा'ने उभारलेल्या बाणेगावसारखे वेगळे प्रयत्नही झाले, पण ते मोजकेच.

त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजू आपण विसरून गेलो. ज्या गावांचं नुकसान कमी होतं तिथे दीड लाखाहून अधिक घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती गेला, अभियंत्याने सल्ला दिला, आणि 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. वाळू किती, सिमेंट किती, कोपऱ्यात लोखंड कुठे, हे त्या शेजारणींना समजावून सांगत होत्या. तिथे घराबरोबर माणसंही जोडली गेली. एकाच भूकंपानंतर, एकाच कार्यक्रमात, एकाच जिल्ह्यात हे दोन्ही मार्ग वापरले गेले, आणि त्यांतला कुठला लोकांना आपला वाटला हे आपल्यासमोर आहे. तरीही आज रेणापूरच्या बाजूला जे चाललंय त्यात आपण पहिल्या मार्गाची फक्त रेषा उचलली आहे. तिच्यामागचा शासनाचा पैसा, भूकंपरोधक बांधकामाची अट आणि पाणीपुरवठ्याची जबाबदारी यांतलं काहीच उचललेलं नाही.

चित्र उचलायचं आणि त्यामागची व्यवस्था सोडून द्यायची, ही खोड जगभरची आहे. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली उद्याननगराची कल्पना मांडली. ६,००० एकर जागेत ३२,००० माणसांचं गाव, त्यातले ५,००० एकर शेतीसाठी राखलेले. कल्पनेचा प्राण असा होता की सगळी जमीन सामाईक मालकीची राहील आणि तिचं भाडं गावाच्याच कामाला लागेल. १९०३ मध्ये लेचवर्थ गाव त्या तत्त्वावर सुरू झालं. पुढे जगाने त्यातली झाडांच्या दुतर्फा रांगा असलेले रस्ते आणि बंगल्यांचं चित्र घेतलं आणि सामाईक मालकी टाकून दिली. आपल्या कमानींवरची हिरवी झाडं आणि कारंजी त्याच उसन्या चित्राची शेवटची प्रत आहेत. माहितीपत्रकात छापलेलं उद्यान प्रत्यक्षात 'ओपन स्पेस' म्हणून एक रिकामा तुकडा उरतो. त्यावर एक फलक, दोन सुकलेली रोपं आणि पुढेमागे एखादं मंदिर किंवा कुणाचं तरी शेड.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जुनं गावठाण सुंदर होतं असं कोण म्हणतं? वेशीच्या आत कुणी आणि वेशीच्या बाहेर कुणी, हे त्या गावठाणाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलं होतं. पाणवठा कुणाचा, पार कुणाचा, कुठल्या गल्लीतून कुणी चप्पल घालून जायचं नाही, हे सगळं त्या 'आपलेपणा'तच होतं. नवा लेआउट निदान नंबरने विकला जातो. पैसे भरले की पंचेचाळीस नंबरचा प्लॉट तुमचा, आडनाव विचारलं जात नाही, निदान विचारायला नको. म्हणून ज्यांच्या आज्या-पणज्या गावकुसाबाहेर राहिल्या त्यांना ही सरळ रेषा सुटकेची वाटते, आणि ते बरोबरच आहे. मी गावठाणाकडे परत चला म्हणत नाही. पण समतेला नुसती सरळ रेषा पुरत नाही. सामाईक नळ नसेल तर ज्याच्याकडे बोअरचा पैसा आहे त्यालाच पाणी मिळतं. गटार नसेल तर उताराच्या टोकाला स्वस्त प्लॉट घेणाऱ्याच्या दारात सगळ्यांचं पाणी येतं. पूर्वी जातीने कडेला ढकललेला माणूस आता पैशाने कडेला ढकलला जातो, आणि बहुतेक वेळा तो माणूस तोच असतो. समता हवी असेल तर सामाईक सोय आधी हवी.

पाण्याचं तर विचारूच नका. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नसावेत. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ती ५० वाघिणींवर गेली. त्या दिवसांत लातूरच्या लोकांनी भांडीकुंडी घेऊन रात्री जागून काढल्या. रेणा नदीवर भंडारवाडीचा मध्यम प्रकल्प आहे, पण दुष्काळ पडला की तोही काही वेगळ्या आभाळाखाली नसतो. अशा भागात पाण्याचा हिशेब न मांडता प्लॉट मंजूर करणं हे मला सरळ सरळ फसवणुकीसारखं वाटतं. एका लेआउटमध्ये दीडशे घरं, घरटी एक बोअर, सगळे बोअर खालच्या एकाच पाण्यावर. पहिल्या दुष्काळात त्यांतले निम्मे कोरडे पडले तर नवल नाही, आणि मग टँकरची जबाबदारी शेवटी नगरपंचायतीवर येते. नफा एकाने घ्यायचा आणि तहान सगळ्यांनी वाटून घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

'हे सगळं ठीक, पण कायद्यात बसतं ना?' असं विचारलं जातं. कायदा इतका अपुरा नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ पासून आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडणं बंधनकारक आहे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पांची रेरात नोंदणी लागते, आणि त्यात प्लॉटचे प्रकल्पही येतात. दुखणं आहे ते पुढे. नियम मोडून पाडलेली गुंठेवारी २००१ च्या कायद्याने नियमित केली, आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती करून मुदत २०२० च्या अखेरीपर्यंत वाढवली. गरीब रहिवाशाला उघड्यावर टाकता येत नाही, म्हणून ही माफी द्यावी लागते हे मला मान्य आहे. पण दर वीस वर्षांनी माफी मिळणार हे पक्कं झालं की नियमाने चालणारा मूर्ख ठरतो. ज्याने गटार न बांधता प्लॉट विकले तो मोकळा राहतो, आणि नियमितीकरणाची रक्कम भरतो तो प्लॉट घेणारा शिक्षक किंवा वाहक.

मग करायचं काय? रस्ते आहेत, आणि ते मराठी माणसांनीच चालून दाखवले आहेत. पुण्याजवळ हडपसरला मगर कुटुंबांनी, सुमारे १२० शेतकरी घरांनी, आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्या-तुकड्यांनी न विकता एकत्र केली आणि कंपनी काढून मगरपट्टा उभारला. ते गाव श्रीमंतांचं झालं, हे खरं. रेणापूरला तसं गाव नको. पण त्यातलं एक तत्त्व इथे लागू पडतं: जमिनीचा मालक शेवटपर्यंत भागीदार राहिला, म्हणून रस्ता-पाण्याची काळजी त्याने स्वतःची म्हणून केली. नगररचना योजना हे याचंच कायद्यातलं रूप आहे. फाट्यालगतच्या शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र आखायच्या, प्रत्येकाकडून थोडा हिस्सा रस्ता, गटार, तळं, शाळा, मैदानासाठी घ्यायचा आणि उरलेला आकाराने नीट केलेला प्लॉट त्यालाच परत द्यायचा. जमीन थोडी घटते, किंमत वाढते, आणि शेतकरी विकणाऱ्याच्या जागी वसवणारा होतो. घर कसं असावं याचा धडा नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात दिला. लहान घर, पण प्रत्येकाला स्वतःची मोकळी जागा, भिंत कुणाचीच सामाईक नाही, म्हणजे कुटुंब वाढेल तसं घर वाढवता यावं. आणि सात-आठ घरांच्या मधोमध एक सामाईक अंगण. मराठवाड्याच्या वाड्यातला चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे अंगण परकं वाटणार नाही.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी नीट आखलेले शोषखड्डे घेऊन उघडी गटारं हटवून दाखवली आणि त्या कामाला 'नांदेड पॅटर्न' असं नाव पडलं. तिथे शोषखड्डा यशस्वी झाला, आणि आपल्या लेआउटमध्ये तो तुंबतो. फरक मातीचा आहेच, पण त्याहून मोठा फरक असा की तिथे अख्ख्या गावाने मिळून ते काम केलं, आणि इथे प्रत्येकजण आपापल्या दारापुरता खड्डा खणतो.

रेणापूरच्या नगरपंचायतीकडे आणि जिल्ह्याच्या नगररचना विभागाकडे माझी मागणी साधी आहे. अंतिम मंजुरीआधी जागेवर जाऊन गटार कुठल्या नाल्याला मिळतं ते बघा. खुली जागा पंचायतीच्या नावावर चढल्याशिवाय एकाही प्लॉटची विक्री होऊ देऊ नका. घरागणिक बोअरऐवजी लेआउटला एक सामाईक पाणीयोजना, छतावरच्या पाण्याचं पुनर्भरण आणि पाण्याचा लेखी हिशेब मागा. उतार, माती आणि नाला दाखवणारा नकाशा गावात लावा. यातलं बहुतेक काम आजच्या नियमांत बसतं. लागते ती फक्त मनाची तयारी.

आणि प्लॉट घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो: कमान बघून इसार देऊ नका. भर पावसात एकदा त्या जागेवर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते स्वतः बघा. सातबारा बघता, एनएचा आदेश बघता, तसा गटाराचा नकाशा आणि ओपन स्पेसचा सातबाराही मागा. एकट्याने मागू नका. त्या लेआउटमधले दहा-वीस घेणारे मिळून मागा. विकणारा एकट्याला टाळतो, वीस जणांना त्याला टाळता येत नाही. ज्या दिवशी हे वीस जण एकत्र बसतील, त्या दिवसापासून तिथे गाव वसायला सुरुवात होईल.